शहरनियोजनाला दुसऱ्या चुलीचे वावडे

दिल्लीच्या 2021 च्या बृहत् आराखड्यात लोकसंख्येची घनता कशी मोजावी, याविषयी एक तरतूद आहे. एका निवासी घटकात साडेचार माणसे राहतात असे धरावे आणि एका नोकर-निवासात, म्हणजे ‘सर्व्हंट क्वार्टर’मध्ये, सव्वादोन. नोकर-निवासातील खोली 11 चौरस मीटरपेक्षा लहान असू नये आणि हा निवास 20 चौरस मीटरच्या वर जाऊ नये. तो त्याहून मोठा झाला, तर घनतेच्या हिशेबात त्याला पूर्ण घर मानावे, असेही तेथे म्हटले आहे. याच आराखड्याने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या एका मोटारीसाठी 23 चौरस मीटर जागा धरली आहे. मोटार तळमजल्यावर छपराखाली उभी राहिली तर 28 आणि तळघरात उभी राहिली तर 32. शिवाय खांबांवर उचललेल्या इमारतीखालचा पार्किंगचा मजला चटई क्षेत्रात मोजला जात नाही.

हे आकडे मी उपरोधासाठी मांडत नाही. नोकर-निवासाला कमाल मर्यादा नसती, तर त्या नावाखाली सर्रास घरे उभी राहिली असती, हे नियोजनकारांचे म्हणणे खरे आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे गृहीतक. एका भूखंडावर मालकाच्या घराखेरीज दुसरे, लहान, स्वतंत्र घर असू शकते, हे आपल्या नियमांना ठाऊक आहे. त्यात राहणारा माणूस मालकाचा चाकर असेल तोवर नियम त्याला सामावून घेतात, तोही निम्म्या हिशेबाने. तोच माणूस भाडेकरू म्हणून आला की मात्र घनता, पार्किंग, वारसा आणि कुटुंबव्यवस्था असे सगळेच प्रश्न एकदम उभे राहतात.

अमेरिकेत अशा घराला ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ म्हणतात. परसातले लहान घर, गॅरेजचे केलेले घर, तळघरातील किंवा माडीवरील स्वतंत्र खोल्या हे सारे त्यात येते. मी त्याला जोडघर म्हणेन. आपल्याकडे त्याची नावे अनेक आहेत, पण कायद्यात त्याला स्थान नाही. वसाहतकालीन बंगल्याच्या आवारात मागच्या भिंतीलगत खोल्यांची ओळ असे, ती त्याची एक पूर्वज. दिल्लीच्या गच्चीवरची ‘बरसाती’ ही दुसरी. लेखक, चित्रकार, नवखे पत्रकार आणि दूरच्या राज्यांतून आलेले तरुण अधिकारी यांच्या किमान दोन पिढ्या बरसातीत राहिल्या. फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या लाजपतनगर, राजिंदरनगरच्या लहान भूखंडांवर खोलीमागून खोली चढत गेली आणि त्यांतील कित्येक भाड्याने दिली गेली. पुण्याच्या वाड्यांतील बिऱ्हाडे मी केवळ ऐकून जाणतो. परंतु ती वेगळी काय होती? एका छपराखाली मालकाची एक आणि भाडेकऱ्यांच्या चार, अशा चुली पेटत होत्या.

चुलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. वेगळे राहण्याला मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणतात, असे एका महाराष्ट्रीय सहकाऱ्याने मला फार पूर्वी सांगितले होते. आपली राष्ट्रीय इमारत संहिता अगदी हेच म्हणते. राहणे, स्वयंपाक आणि शौच-स्नान यांची स्वतंत्र सोय असलेला घटक म्हणजे निवासी घटक. न्हाणीघर तर हल्ली प्रत्येक खोलीला असते. त्यामुळे घर एक की दोन, हे तपासायला आलेला कनिष्ठ अभियंता व्यवहारात एकच गोष्ट शोधतो: दुसरा ओटा.

उत्तरेतील एका शहराच्या विकास प्राधिकरणात असताना एका निवृत्त शिक्षिकेचे प्रकरण माझ्यासमोर सुनावणीला आले होते. पती वारलेले, मुली परदेशात. त्यांनी माडीवर ओटा बांधून दोन परिचारिकांना ठेवून घेतले होते. ‘‘साहेब, त्या दोघी वर असतात म्हणून मला रात्री झोप लागते,’’ एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. मंजूर नकाशात एकच निवासी घटक होता. ओटा फोडला गेला, गॅसची शेगडी खाली आली, पूर्तता झाल्याचा अहवाल लागला आणि नस्ती बंद झाली. परिचारिका तेथेच राहिल्या. न्हाणीघराबाहेरच्या बोळात विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करू लागल्या, असे पुढे कळले. शहराच्या पाण्यावरचा, गटारावरचा, रस्त्यावरचा भार एका थेंबाने कमी झाला नाही. फक्त आगीचा धोका वाढला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या नियमांच्या कुळाविषयी कुतूहल आहे. निवासी भागात कोणी कसे राहावे, हे ठरवणाऱ्या विभागीकरणाच्या कायद्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 च्या युक्लिड खटल्यात मान्यता दिली. स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अनेक-कुटुंबी इमारतीला त्या निकालपत्राने परोपजीवी ठरवले. पुढे अर्धशतकाने, 1977 मध्ये, क्लीव्हलँडलगतच्या एका लहान शहराचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्या शहराने ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या इतकी आवळली होती की, दोन वेगवेगळ्या मुलांचे मुलगे घरात ठेवणाऱ्या एका आजीला पाच दिवसांची कैद आणि दंड झाला होता. न्यायालयाने तो अध्यादेश रद्द केला. घरात कोण राहते हे नात्यावरून ठरवायला निघालेली नगरपालिका शेवटी कोठे पोहोचते, हे त्या आजीच्या शिक्षेइतके स्पष्ट कशानेच होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो चंडीगडमध्ये, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

चंडीगडची आखणी लोकसंख्येचा आकडा आधी ठरवून झाली. पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर 1 ते 30 मध्ये, दीड लाख माणसे आणि दुसऱ्या टप्प्यात, सेक्टर 31 ते 47 मध्ये, साडेतीन लाख. एकूण पाच लाख. ल कॉर्बुझिए यांच्या सहकाऱ्यांनी, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जानेरे यांनी, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत सरकारी निवासांच्या तेरा श्रेणी आखल्या. या आखणीत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पुढच्या पिढीची, तिच्या भाडेकऱ्याची आणि तिच्या घरी येणाऱ्या मोलकरणीची तेवढी नव्हती. 1952 च्या राजधानी विकास कायद्याखाली 1960 मध्ये झालेल्या नियमांनी भूखंडाचे तुकडे पाडण्यास मनाई केली. 2011 च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली होती.

या मनाईतून लोकांनी वाट काढली. 2001 मध्ये प्रशासनाने अपार्टमेंटचे नियम केले, 2007 मध्ये ते मागे घेतले. मजला स्वतंत्रपणे विकता येत नव्हता. पण मालमत्तेतील अविभक्त हिस्सा विकता येत होता. मग तिघे मिळून एक कोठी घेत, तीन मजली नवी इमारत बांधत आणि आपसांतील समजुतीने एकेक मजला वापरत. कागदावर एक घर, एक भूखंड, तीन सहमालक. 10 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने ही वाट बंद केली. पहिल्या टप्प्यात घनता वाढवायची की नाही, हे आधी वारसा संवर्धन समितीने तपासावे; तोवर चटई क्षेत्र गोठवावे; मजले तीनच राहावेत; आणि एका घराचे तीन अनोळखी व्यक्तींसाठी तीन स्वतंत्र सदनिकांत रूपांतर करण्याची युक्ती उघडपणे दिसते, असा नकाशा मंजूर करू नये, असे आदेश झाले. शहरविकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यमापन व्हावे, यासाठी तरतुदी कराव्यात, असे आवाहनही न्यायालयाने सरकारांना केले. त्यानंतर प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला हिस्सा विकण्याच्या नोंदणीवरच निर्बंध आणले.

निकालाच्या अर्ध्या भागाशी मी पूर्णपणे सहमत आहे. शहराची घनता तिप्पट करण्याचा निर्णय दस्तनोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर होता कामा नये. तो आराखड्यात, हरकती ऐकून, जलवाहिन्यांचा हिशेब मांडून व्हायला हवा. न्यायालयाने प्रशासनाला सुनावलेले खडे बोल योग्यच होते.

अडचण ‘अनोळखी’ या शब्दापाशी आहे. समजा, एका कोठीत तीन मजल्यांवर तीन सख्खे भाऊ आपापल्या संसारासह राहतात. तीन ओटे, सहा मोटारी, बारा माणसे. शेजारच्या कोठीत खाली मालकीणबाई, वर एक नोकरदार जोडपे आणि गच्चीवरच्या खोलीत एक विद्यार्थिनी. चार माणसे, एक मोटार. पहिले घर वारशाला धक्का न लावणारे आणि दुसरे शहराच्या मुळावर उठलेले, असे कोणता जलअभियंता म्हणेल? भिंतीची उंची, दर्शनी भागाची रेषा, झाडे आणि मोकळी जागा यांतून कॉर्बुझिए यांचे शहर दिसते, आणि ते जपलेच पाहिजे. भिंतीआडच्या माणसांचे एकमेकांशी नाते काय, हे त्या शहराच्या रूपात कोठेही दिसत नाही.

आणि अनोळखी माणसे तेथे राहतातच. फेब्रुवारी 2020 मध्ये चंडीगडच्या सेक्टर 32 मधील एका घराला आग लागून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. त्या घरात मुलींना पेइंग गेस्ट म्हणून ठेवले जात होते. शहरात अशा घरांच्या नोंदणीचे धोरण होते; या घराची नोंदणी झालेली नव्हती. विद्यापीठ, रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि कार्यालये असलेल्या शहरात भाड्याच्या खोलीची गरज नकाशा नामंजूर केल्याने संपत नाही. ती फक्त निरीक्षकाच्या नजरेआड जाते, आणि तेथे दुसरा जिना कोणी मागत नाही. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजिंदरनगरमध्ये तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तिघा विद्यार्थ्यांचा अंत झाला. तेथेही जागेचा मंजूर वापर एक होता आणि प्रत्यक्ष वापर दुसराच.

चंडीगडहून काही तासांच्या अंतरावर, हरियाणात, नेमके उलटे घडले. गुरुग्राम आणि इतर शहरांत खांबांवर चार मजले बांधून प्रत्येक मजला स्वतंत्रपणे विकण्यास मुभा मिळाली. रहिवाशांचा क्षोभ वाढल्यावर 2023 च्या आरंभी ही मुभा स्थगित झाली, तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि जुलै 2024 मध्ये अटींसह ती पुन्हा दिली गेली. ज्या वसाहती एका भूखंडावर तीन घरे धरून आखल्या होत्या, तेथे किमान 10 मीटर रुंदीचा रस्ता हवा आणि शेजाऱ्यांची संमती हवी. संमती नसेल तर बाजूला 1.8 मीटर जागा सोडावी. या वादात दोन्ही पक्ष मजल्यांविषयीच बोलत राहिले. मजला कोण घेतो, हे कोणी विचारले नाही. मोठ्या भूखंडावरचा असा मजला हे धनिकाचे घर आहे. त्याच्याबरोबर दोन मोटारी येतात, स्वयंपाकीण येते, चालक येतो आणि त्या चालकाच्या राहण्याची सोय शहराबाहेरच्या एखाद्या गावठाणात होते. त्यात घरांची संख्या वाढली. परवडणाऱ्या घरांच्या संख्येत मात्र फारसा फरक पडला नाही.

माझ्या मते आपल्या धोरणाचा गोंधळ येथेच आहे. भूखंड विभागून विकणे आणि भूखंडावर एक लहान घर भाड्याने देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत जमिनीचा बाजार आहे, विकासक आहे, पिढ्यान्‌पिढ्या न सुटणारी सहमालकी आहे. दुसरीत एक वृद्ध घरमालक, एक परिचारिका आणि अकरा महिन्यांचा करार आहे. पहिलीच्या भीतीने चंडीगडने दुसरीही अडवली. गुरुग्रामने दुसरीचा विचारही न करता पहिली मोकळी सोडली.

कॅलिफोर्नियाने हा भेद बराच काळ पाळला. तेथील विधिमंडळाने 2016 पासून एकापाठोपाठ कायदे करून जोडघरांविषयीचे नगरपालिकांचे नकाराधिकार काढून घेतले. 2020 पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार परिपूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि तो ठरलेल्या निकषांवर, सुनावणीविना. शेजाऱ्याच्या नाराजीवर नव्हे. 800 चौरस फुटांपर्यंतचे जोडघर, मागे आणि बाजूला चार फूट जागा सोडलेली असेल तर, भूखंडव्याप्तीच्या स्थानिक नियमांनी अडवता येत नाही. गॅरेजचे घर केले, म्हणून पर्यायी पार्किंग मागता येत नाही. असे घर मूळ घरापासून तोडून विकण्याची वाट मात्र काही अपवाद सोडता बंद होती. ज्या शहरांना हवे त्यांनी ती खुली करावी, अशी मुभा 2023 मध्ये मिळाली. जोडघर बांधणाऱ्या मालकाने भूखंडावरच राहावे, ही जुनी अट तेथे गेली. आपण ती ठेवावी, असे मला वाटते. आपल्याकडे देखरेख करणारी नगरपालिका दुबळी आहे. खाली राहणारा मालक हा कोणत्याही निरीक्षकापेक्षा अधिक नियमित निरीक्षक असतो.

भारताला याची गरज किती आहे, हे जुनेच आकडे सांगतात. 2012 च्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख इतकी काढली होती. त्यांतील सुमारे दीड कोटी कुटुंबांना घर नव्हते असे नाही. ती एकाच घरात दाटीने राहत होती. तुटीचा 95 टक्क्यांहून अधिक भाग आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतला होता. त्याच सुमारास, 2011 च्या जनगणनेत, शहरांतली सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. शहरी कुटुंबांत भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होते, ते 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आले. शहरे वाढली आणि भाड्याची घरे प्रमाणाने आटली. त्याला 1940 च्या दरांवर भाडे गोठवणाऱ्या मुंबईच्या 1947 च्या कायद्यासारखे कायदे कारण आहेत, तसे हे नियोजनाचे नियमही आहेत. भाडे कायद्यावर निदान चर्चा झाली. केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. लेखी करार, निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच कमाल अनामत आणि भाडे प्राधिकरण या त्यातील मुख्य तरतुदी. मोजक्या राज्यांनी तो आपलासा केला. परंतु जी खोली नकाशावरच बेकायदा आहे, तिचा लेखी करार कोणता मालक नोंदवील?

सरकारी प्रयत्नांची दिशाही पाहावी. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या 2020 च्या योजनेत चंडीगडने रिकाम्या सरकारी सदनिका वापरात आणल्या, सुमारे 2,200. हे चांगलेच काम होते. पण ही घरे मलोया येथे, शहराच्या पश्चिम कडेला आहेत. सेक्टर 8 मध्ये पोळ्या लाटणारी बाई तेथून पहाटे निघणार. सेक्टर 8 च्या कोठीमागची खोली तिला मिळाली, तर ती बहुधा भाड्याऐवजी कामाच्या बदल्यात मिळते. अशी व्यवस्था मी दिल्लीच्या दक्षिणेतील वसाहतींत कित्येक वर्षे जवळून पाहिली आहे. काम सुटले की छप्पर सुटते, पगाराविषयी बोलता येत नाही, शिधापत्रिकेवर त्या पत्त्याची नोंद होत नाही. तिला भाडेकरूचा दर्जा देणे हा नियोजनाचा विषय नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या 20 चौरस मीटरच्या तरतुदीकडे पुन्हा पाहावे. तो दर्जा नाकारण्याची सुरुवात तेथूनच होते.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला पाणी आणि मलनिस्सारणाचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच मोजमाप माणसांचे आणि भाराचे हवे. रस्त्याची रुंदी, वाहिनीची क्षमता आणि पाण्याचा दाब यांवरून प्रत्येक प्रभागात किती जोडघरे सामावतील, हे महापालिकेने जाहीर करावे. ज्या प्रभागात क्षमता नाही, तेथे ती वाढेपर्यंत परवानगी नसावी. जोडघरावर घेतलेले विकास शुल्क त्याच प्रभागाच्या वाहिन्यांवर खर्च व्हावे. हरियाणातील रहिवाशांचा राग मुख्यतः याच प्रश्नावर होता की, आमच्या मजल्यांचा पैसा गेला कोठे. दुसरा आक्षेप पार्किंगचा. दिल्लीच्या आराखड्यात निवासी बांधकामाच्या दर 100 चौरस मीटरला दोन मोटारींची जागा मागितलेली आहे. हा नियम 30 चौरस मीटरच्या जोडघरालाही लावायचा, तर अर्ध्याहून अधिक मोटारीची जागा लागते, आणि ती भाडेकरूपाशी बहुधा नसतेच. जोडघराला ही अट असू नये. ते लहान ठेवले की मोटार बाळगणारे आपोआप दुसरीकडे जातील.

दिल्लीचा 2041 चा मसुदा 2021 मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला आणि 2023 मध्ये विकास प्राधिकरणाने तो मान्य करून केंद्राकडे पाठवला. तेथे नोकर-निवासाची स्वतंत्र वर्गवारी काढून टाकून 40 चौरस मीटरपर्यंतच्या, न विकता येणाऱ्या, नोंदणीकृत जोडघराची वर्गवारी आणता येईल. स्वतंत्र दार, खिडकी, ओटा, मोरी आणि बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग एवढे असले की मालकाला परवानगी हक्काने मिळावी. चंडीगडमध्ये पहिल्या टप्प्याला न्यायालयाने आखून दिलेली रेषा आहे आणि ती पाळावीच लागेल. दुसऱ्या टप्प्यात, सेक्टर 31 च्या पुढे, हा प्रयोग न्यायालयाच्या आदेशाला धक्का न लावता सुरू करता येईल. हिस्सा विकला जात नाही आणि भूखंडाचा तुकडाही पडत नाही. प्रशासनाने आधी दोन सेक्टर निवडून तेथे आज प्रत्यक्षात किती भाडेकरू राहतात, याची मोजणी करावी. दंडाची भीती दाखवून ती करता येणार नाही. ठरावीक मुदतीत नोंदणी करणाऱ्या मालकाला ओटा फोडण्याची नोटीस जाणार नाही, एवढे लेखी आश्वासन दिले, तर निदान या शहरात माणसे किती आहेत, हे जलविभागाला पहिल्यांदा नेमके कळेल.